जिओफोन २ सेकंडहँड घ्यावा का? फक्त बटणांवर टाइप करायला स्वस्त फोन हवाय.

कॉल आणि एसएमएससाठी घ्या, व्हॉट्सॲपसाठी मुळीच नको. २०१८ मध्ये २,९९९ रुपयांना आलेल्या या फोनात २.४ इंची आडवा स्क्रीन, ५१२ एमबी रॅम आणि काईओएस ही कार्यप्रणाली आहे. त्या प्रणालीवर व्हॉट्सॲप नव्याने टाकणं २०२४ पासून बंद झालंय. पैसे देण्याआधी कीबोर्ड मात्र नीट तपासाच. कोरा मेसेज उघडून प्रत्येक बटण दोनदा दाबा. एखादंच बटण अडत असेल किंवा एका दाबात दोन अक्षरं उमटत असतील, तर बहुधा त्याखालच्या विद्युत संपर्कबिंदूवर मळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर बऱ्याचदा सुटतो. पण अख्खी ओळ किंवा उभी रांग मेली असेल तर सौदा सोडा. बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात, आणि तिथे एक सामाईक तार तुटलेली असते. मागचं झाकण काढून बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा, गरगर फिरली तर फुगलीय. *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) घ्या, केवायएम (KYM), मोकळी जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. जिओशिवाय दुसरं सिम चालेल असं मात्र धरून चालू नका.