ऑर्किडला नेमकं कुठलं पाणी घालू?

प्रश्न: माझ्याकडे एक फॅलेनॉप्सिस आणि दोन-तीन डेंड्रोबियम आहेत. पहिल्यापासून बोअरचंच पाणी घालते. हल्ली पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतायत आणि कुंडीतल्या सालीच्या तुकड्यांवर पांढरा थर दिसतोय. बुरशी आहे का? मैत्रीण म्हणते आरओ मशीनचं जे वेस्ट पाणी निघतं ते घाल, वायाही जाणार नाही. घालू का?

उत्तर: ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, आरओचं वेस्ट पाणी अजिबात घालू नका. मशीन चांगलं पाणी इकडे काढतं आणि त्यातले क्षार तिकडे ढकलतं, म्हणजे मूळ पाण्याचा टीडीएस (एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत तो आकडा) 600 असेल आणि निम्मं पाणी वेस्ट जात असेल तर त्या वेस्ट पाण्याचा जवळजवळ 1200 होतो! ते फरशी पुसायला वापरा, ऑर्किडला नको.

आता पांढरा थर. त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकून बघा, फसफसला तर तो चुनखडीचा थर आहे, बुरशी नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात, पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच बसतात. मातीतली झाडं हे बऱ्यापैकी सहन करतात कारण माती थोडंफार सांभाळून घेते, पण ऑर्किडच्या कुंडीत माती नसतेच, नुसती साल नाहीतर कोळसा, त्यामुळे सगळा मारा थेट मुळांवर. मूळ नीट बघा, वरून पांढरट स्पंजसारखं आवरण असतं, कोरडं असताना चंदेरी आणि भिजलं की हिरवं दिसतं, ते आवरण पाण्याबरोबर क्षारही धरून ठेवतं. मग मुळाचं वाढतं टोक काळं पडतं आणि पानांची टोकं जळतात. टोकं दुसऱ्या कारणांनीही जळू शकतात, पण सोबत हा थर असेल तर मी पहिला संशय पाण्यावरच घेईन.

एक साधं टीडीएस मीटर घ्या. साधारण 100 च्या आत असेल तर उत्तम, 200 पर्यंत फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियमला चालतं, 300 च्या वर त्रास सुरू होतो. मास्डेव्हालियासारखी नाजूक जात पुढे कधी आणलीत तर तिला अगदी कमी क्षाराचंच पाणी लागेल. सगळ्यात चांगलं पावसाचं पाणी, फक्त छतावरून धरत असाल तर पहिल्या पावसाचं सोडून द्या, त्यात धूळ-घाण सगळी धुऊन येते, आणि साठवलेलं झाकून ठेवा. पाऊस नसेल तेव्हा मिसळून वापरा. बोअरचं 600 टीडीएसचं एक तांब्या आणि आरओचं 20 टीडीएसचं तीन तांबे घेतलंत तर 165 च्या आसपास येतं, काम भागलं.

पाणी उकळून घेतलं तर? चुनखडी बरीचशी खाली बसते हे खरं, पण सोडियमचे क्षार जात नाहीत उलट पाणी आटलं की वाढतात. आणि घरात मिठावर चालणारा सॉफ्टनर असेल तर ते पाणी तर नकोच, त्यात कॅल्शियम काढून सोडियम टाकलेलं असतं, साबणाला फेस छान येतो पण झाडाला ते जास्त वाईट.

आत्ताच्या कुंड्यांसाठी, चांगलं पाणी सकाळी हळूहळू भरपूर ओता, खालून धो-धो निघू दे, थोडा वेळ थांबून परत एकदा ओता. महिन्यातून एकदा हे कराच. खालच्या बशीत साचलेलं पाणी ओतून टाका. साल फारच पांढरी झाली असेल तर नवीन सालीत लावून टाका. जळलेली टोकं परत हिरवी होणार नाहीत, नवीन मुळांकडे लक्ष ठेवा.

प्रश्न: मी सरळ शंभर टक्के आरओचंच पाणी घालतो, तरी वाढ नाही. एसीचं पाणी घालून बघू का?

उत्तर: दादा, एसीच्या पाण्यातही क्षार जवळपास नसतातच, त्यामुळे वाढीचा प्रश्न त्याने सुटणार नाही. शिवाय ते कॉइलवरची धूळ घेऊन येतं आणि सर्व्हिसिंगनंतर केमिकलही, त्या दिवसांत तर घालूच नका. तुमच्या झाडाला बहुतेक खायला कमी पडतंय. आरओच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उरलेलं नसतं आणि नेहमीच्या 20-20-20 खतात (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सारख्या प्रमाणात असलेल्या) कॅल्शियम नसतं, म्हणजे ते झाडाला कुठूनच मिळत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं ऑर्किडचं खत आणा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव डोस, वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा. पीएच मोजायचा असेल तर खत मिसळल्यावर मोजा, 5.5 ते 6.5 मध्ये आला की झालं, नुसत्या आरओ पाण्याचा मोजून काही कळत नाही. आणि उन्हाची जागाही एकदा बघा, उजेड कमी असेल तर खत घालूनही फार फरक पडणार नाही.