चौथा खांदेकरी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

कादंबरीची शंभर पानं वाचली. १८९७ चं पुणं निवडलंस ते बरं केलंस. प्लेगात घर आणि गाव एकदमच कोसळतं. पण तुझी यमुना नवरा गेल्यावर आठ पानं रडते. एवढी सवड तिला मिळाली कुठून?

जरा तिच्या वाड्यात उभी राहा. प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे शिपाई घरं तपासत फिरतायत. काखेत गाठ दिसली की माणूस इस्पितळात, बाकीचं घर गावापासून वेगळं, सेग्रिगेशन कॅम्पात. म्हणून लोक आजारी माणूस लपवत, कधी मढंसुद्धा. अशा घरात हंबरडा फोडणं म्हणजे शिपायांना हाक मारणं. यमुनेच्या तोंडात पदर कोंबलेला आहे, एक हात पोराचं अंग तापलंय का ते चाचपतोय, आणि उजाडायच्या आत तिला चौथा खांदेकरी हवाय. तो तुझ्या हस्तलिखितात कुठेच नाही! निम्मी आळी गावाबाहेर झोपड्यांत गेलीय, उरलेले कडी काढत नाहीत. मग येतो कोण? ज्याच्या हातचं पाणी या घरानं कधी घेतलं नसतं, असा कुणी आला तर? आणि न्हावीही गाव सोडून गेलाय, म्हणून यमुनेचे केस अजून डोक्यावर आहेत. याचा तिला आनंद होतो का? तिथे थांब, घाई करू नकोस.

सावित्रीबाईंवरचं प्रकरण काढ. मुंढव्याच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या आणि १० मार्चला स्वतःच प्लेगनं गेल्या. ही बातमी यमुनेच्या कानावर एका वाक्यात येऊ दे. २२ जूनला रँडला गोळी लागते तेव्हाही तिच्या तोंडी भाषण नको.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ गेला. फोन ठेवला आणि मी दुधाच्या पिशव्या साबणानं धुवत बसलो. तीन होत्या. रडू आलं ते दिवाळीत, त्याच्या मापाचा सदरा दुकानात दिसला तेव्हा.

यमुनेलाही रडू दे, पण कॅम्पातून परतल्यावर. घराला सरकारी चुना फासलाय. नवरा जिथे डोकं टेकून बसायचा, तिथला तेलाचा डाग तिला सापडत नाही.

समासात पेन्सिलीनं खुणा केल्यात. एकसष्टावं पान आधी बघ.

तुझा,
सर