कॉलेज कप बघायचा तर नोव्हेंबरपासून बघा

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला नव्याने आलेल्या कोल्हापूरकर सदस्याने तीन गोष्टी विचारल्यात. शेजारच्या कॅरीच्या वेकमेड सॉकर पार्कात डिसेंबरमध्ये अनेकदा होतो तो पुरुषांच्या सॉकरचा, म्हणजे आपल्या फुटबॉलचा, 'कॉलेज कप' म्हणजे नेमकं काय? ऑफिसातले लोक म्हणतात तसं, क्लबांच्या अकादम्या आल्यापासून कॉलेज सॉकरला अर्थ उरलेला नाही, हे खरं का? आणि चौदा वर्षांच्या, रोज खेळणाऱ्या मुलाला घेऊन तो बघायला जावं का? मी याच भागात बरीच वर्षं राहतो आणि ही स्पर्धा माझ्या फार जिव्हाळ्याची आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. जाच. फक्त डिसेंबरची वाट बघत बसू नका. कॉलेज कप हे शेवटच्या चार संघांचं नाव आहे. त्याच्या मागे चार फेऱ्या होऊन गेलेल्या असतात आणि माझ्या मते खरी स्पर्धा तिथे असते.

रचना अशी. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना. तिच्या पहिल्या विभागात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, पुरुषांचे संघ दोनशेच्या आसपास आहेत. त्यातले ४८ या स्पर्धेत येतात. आपापल्या कॉन्फरन्सचे, म्हणजे कॉलेजांच्या गटाचे, विजेते थेट येतात, बाकीचे निवड समिती घेते. पहिल्या १६ संघांना मानांकन मिळतं, पहिली फेरी न खेळता पुढे चाल (बाय) मिळते आणि दुसऱ्या फेरीचा सामना घरच्या मैदानावर मिळतो. त्यापुढेही उपांत्यपूर्व फेरीपर्यंत साधारणपणे वरच्या मानांकनाचा संघ यजमान असतो. मग चार संघ एका ठिकाणी जमतात. शुक्रवारी दोन्ही उपांत्य सामने, दोन-तीन दिवसांनी अंतिम सामना. परतीचा सामना, गटसाखळी वगैरे काही नाही. हरलात की घरी. बरोबरी झाली तर जादा वेळ, तरीही सुटलं नाही तर टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघत वाढलेल्या माणसाला या बाद फेरीची हवा वेगळी समजावून सांगायला नको.

काही नियम मात्र तुम्हाला चमत्कारिक वाटतील. बदली करून बाहेर काढलेला खेळाडू उत्तरार्धात पुन्हा आत येऊ शकतो. मैदानावरचं घड्याळ उलटं चालतं, ४५ मिनिटांवरून शून्याकडे. शेवटचे दहा सेकंद ध्वनिक्षेपकावरून मोजले जातात. मुलगा युरोपचे सामने बघत असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा.

आता मूळ मुद्दा. ही स्पर्धा मला इतकी का आवडते? अमेरिकेतल्या कॉलेज खेळांमध्ये पैसा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वाहतो आणि त्या खेळांत वर्षानुवर्षं तीच बडी कॉलेजं वर असतात. पुरुषांच्या सॉकरमध्ये तसं होत नाही. अलाबामा, जॉर्जिया, फ्लॉरिडा, टेक्सास या नावांचा अमेरिकन फुटबॉलमध्ये केवढा दबदबा, पण त्यांच्याकडे पुरुषांचा अधिकृत सॉकर संघच नाही. कारण हिशोबाचं आहे. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलगे आणि मुली यांच्या खेळांतल्या संधींचं प्रमाण सांभाळावं लागतं. वरच्या गटातल्या अमेरिकन फुटबॉल संघाला एकट्याला ८५ शिष्यवृत्त्या लागायच्या. मग मुलग्यांच्या इतर खेळांवर कात्री. सॉकरमध्ये मुलींच्या संघाला १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, मुलग्यांच्या संघाला ९.९. हो, नऊ पूर्णांक नऊ. ती रक्कम प्रशिक्षक पंचवीस-तीस जणांत वाटायचे, कोणाला अर्धी, कोणाला पाव.

हे मुलांवर अन्यायकारक होतं, यात वाद नाही. पण त्यातून एक गोष्ट घडली. कितीही श्रीमंत कॉलेज असलं तरी सगळे चांगले खेळाडू विकत घेऊन बसणं त्याला जमलं नाही. एखाद्या हुशार प्रशिक्षकाने जर्मनी, इंग्लंड, स्पेन, घाना अशा ठिकाणांहून नेमके सात-आठ जण आणले, तर आडगावातलं कॉलेजसुद्धा राष्ट्रीय विजेतं होऊ शकतं. झालेलंही आहे.

ही परंपरा जुनी आहे. १९५९ साली पहिली स्पर्धा झाली तेव्हा आठच संघ होते आणि जिंकलं सेंट लुईस विद्यापीठ, ब्रिजपोर्टला ५-२ ने हरवून. त्यांची दहा विजेतेपदं आहेत आणि तो विक्रम आजही कायम आहे, १९७३ नंतर एकही मिळालं नसताना. याचं मूळ त्या शहरात आहे. तिथल्या कॅथलिक वस्त्यांत सॉकर घरोघरी खेळला जायचा. १९५० च्या विश्वचषकात इंग्लंडला १-० ने हरवणाऱ्या अमेरिकन संघातले पाच जण सेंट लुईसचे होते. त्यांच्यापैकी हॅरी किओ पुढे या विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले आणि दहातली शेवटची पाच विजेतेपदं त्यांच्या हाताखाली आली.

या सेंट लुईसला ज्यांनी खाली खेचलं त्या हॉवर्ड विद्यापीठाबद्दल मुलाला जरूर सांगा. वॉशिंग्टन डीसीमधलं हे कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक विद्यापीठ. प्रशिक्षक लिंकन फिलिप्स, मूळचे त्रिनिदादचे गोलरक्षक. खेळाडू कॅरिबियन बेटांवरचे आणि आफ्रिकेतले. १९७१ च्या अंतिम सामन्यात त्यांनी सेंट लुईसला ३-२ ने हरवलं. कृष्णवर्णीय विद्यापीठाने डिव्हिजन वनचं विजेतेपद मिळवण्याची कुठल्याही खेळातली ती पहिली वेळ. पुढे एनसीएएने काही खेळाडूंच्या पात्रतेवर बोट ठेवून ते विजेतेपद काढून घेतलं. परदेशातून आलेल्या मुलांना लावलेल्या त्या नियमांबद्दल आजही लोक तावातावाने बोलतात आणि मी हॉवर्डच्या बाजूचा आहे. १९७४ ला ते पुन्हा आले. अंतिम सामना सेंट लुईस शहरात, समोर सेंट लुईसचाच संघ. जादा वेळेच्या चौथ्या सत्रात हॉवर्डने तो २-१ ने जिंकला. त्या मोसमात १९ सामने खेळले, १९ जिंकले. तो करंडक कोणालाच काढून घेता आला नाही.

मोठ्या घराण्यांबद्दल थोडक्यात. इंडियानाकडे आठ विजेतेपदं आहेत, त्यातली सहा जेरी येग्ली यांच्या काळातली. १९८२ चा अंतिम सामना त्यांनी ड्यूकविरुद्ध जादा वेळेच्या आठव्या सत्रात जिंकला, तब्बल १५९ मिनिटं खेळून. २०१२ ला जेरींचा मुलगा टॉड प्रशिक्षक असताना ते पुन्हा जिंकले, पण त्यानंतर २०१७, २०२० आणि २०२२ असे तीन अंतिम सामने हरले. व्हर्जिनियाने ब्रूस अरीना यांच्या हाताखाली १९९१ ते १९९४ सलग चार वेळा बाजी मारली. हेच अरीना २००२ च्या विश्वचषकात अमेरिकेला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत घेऊन गेले. स्टॅनफर्डने २०१५ ते २०१७ सलग तीन विजेतेपदं घेतली आणि त्या तीन कॉलेज कपांच्या सहा सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. मात्र त्यातले तीन सामने ०-० राहून टायब्रेकरवर सुटले. बलाढ्य संघसुद्धा इथे एका चुकलेल्या पेनल्टीच्या अंतरावर असतो, तो असा.

आणि मग मार्शल आणि व्हर्माँट. मार्शल हे वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनचं. करोनामुळे पुढे ढकललेली २०२० ची स्पर्धा मे २०२१ मध्ये कॅरीत संपली. मानांकनही नसलेल्या मार्शलने क्लेम्सन, आदल्या खेपेचे विजेते जॉर्जटाउन आणि नॉर्थ कॅरोलायना यांना बाद केलं आणि अंतिम सामन्यात जमील रॉबर्ट्सने जादा वेळेत केलेल्या गोलवर इंडियानाला हरवलं. व्हर्माँटने २०२४ ला त्याहून पुढची मजल मारली. या कॉलेजने अमेरिकन फुटबॉलचा संघ १९७४ सालीच बंद केलाय. कॅनडाच्या सीमेजवळचं थंडगार राज्य, मानांकन नाही. पिट्सबर्गला जाऊन उपांत्यपूर्व सामना २-० ने जिंकले, कॅरीत डेन्व्हरला टायब्रेकरवर हरवलं आणि अंतिम सामन्यात समोर कोण, तर मार्शल.

त्या सामन्यात मार्शलने उत्तरार्धात आघाडी घेतली. शेवटची दहा मिनिटं उरली असताना मार्सेल पापने बरोबरी साधली. जादा वेळ सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील, मागून एक लांब चेंडू आला. मॅक्सिमिलियन किसेल त्याच्यामागे धावला. बचावपटू त्याच्या अंगाला अंग लावून होता. किसेलने त्याला खांद्याने मागे ठेवलं, पुढे आलेल्या गोलरक्षकाला वळसा घातला आणि रिकाम्या गोलात चेंडू ढकलला. २-१. व्हर्माँटचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. हा गोल मुलाला दाखवाच आणि थांबवून थांबवून दाखवा. त्या धावेत किसेलला वेगापेक्षा जास्त उपयोग झाला तो खांद्याचा आणि घाई न करण्याचा.

आता ऑफिसातल्या लोकांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. एमएलएस या इथल्या व्यावसायिक लीगमधल्या क्लबांच्या अकादम्या पंधरा-सोळाव्या वर्षीच उत्तम मुलं उचलतात, त्यातले काही थेट युरोपला जातात. एके काळी क्लाउडिओ रेना, ब्रायन मॅकब्राइड, क्लिंट डेम्प्सी यांच्यासारखे खेळाडू कॉलेजातूनच यायचे, ते दिवस मागे पडले. पण म्हणून कॉलेज सॉकर संपलं, हे साफ चूक. २०२२ च्या विश्वचषकात पस्तीस वर्षांचा टिम रीम अमेरिकेच्या चारही सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. तो सेंट लुईस विद्यापीठाचा. गोलरक्षक मॅट टर्नर फेअरफील्डचा. कॅनडाचे टेजॉन ब्युकॅनन आणि अ‍ॅलिस्टर जॉन्स्टन अनुक्रमे सिरॅक्यूज आणि वेक फॉरेस्टचे. हे उशिरा फुललेले खेळाडू आहेत. सोळाव्या वर्षी कुणी हात धरला नाही म्हणून ज्यांचं सगळं संपलं असतं, त्यांना इथे आणखी चार वर्षं मिळतात. मला हे या स्पर्धेचं फार मोठं देणं वाटतं.

मला काळजी आहे ती दुसऱ्याच दोन गोष्टींची. पहिली म्हणजे वेळापत्रक. ऑगस्टच्या अखेरीस मोसम सुरू, डिसेंबरात अंतिम सामना, आठवड्याला दोन-दोन सामने. पोरांची शरीरं पार पिळून निघतात आणि स्नायूच्या दुखापतीने कोणाची स्पर्धा कधी संपेल सांगता येत नाही. मोसम दोन सत्रांत वाटावा म्हणून मेरीलँडचे प्रशिक्षक साशो चिरोव्स्की कित्येक वर्षं धडपडतायत. ते व्हायलाच हवं. दुसरी गोष्ट पैशाची. खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, तीत सामील झालेल्या कॉलेजांसाठी ९.९ ची मर्यादा गेली. आता संघात जास्तीत जास्त २८ जण आणि हवं तर सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती. खेळाडूंच्या दृष्टीने चांगलंच. पण श्रीमंत कॉलेजांनी मनावर घेतलं तर व्हर्माँटसारख्यांची वाट अवघड होईल.

तुम्ही राहता तो भाग तर या खेळाचं माहेरघर आहे. चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायनाचं डोरन्स फील्ड, डरहॅमला ड्यूकचं कोस्किनेन स्टेडियम, रॅलेला एनसी स्टेटचं डेल सॉकर फील्ड. थोडं लांब जायची तयारी असेल तर विन्स्टन-सेलमला वेक फॉरेस्टचं स्प्राय स्टेडियम. नोव्हेंबरच्या मध्यावर संघ जाहीर झाले की यातलं कोण यजमान आहे ते बघा आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीचा सामना गाठा. रात्री कडाक्याची थंडी असते, जाड जाकीट आणि ब्लँकेट न्या. मैदान इतकं जवळ असतं की बचावपटू एकमेकांना काय ओरडून सांगतात तेही ऐकू येतं, आणि शिकणाऱ्या मुलासाठी ते सोन्यासारखं आहे. चेंडूच्या मागे न धावता अर्धा तास फक्त स्वतःच्या जागेवर खेळणाऱ्या खेळाडूकडे बघायला सांगा. वेकमेडला गेलात तर मधल्या रांगेतल्या वरच्या जागा घ्या, संघांची मांडणी तिथून नीट दिसते.

मुलाच्या पुढच्या वाटचालीबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण मनात असणारच. नियमाप्रमाणे दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत डिव्हिजन वनचे प्रशिक्षक त्याच्याशी थेट बोलू शकत नाहीत, त्यामुळे आता कोणी फोन करत नाही म्हणून खचू नका. शाळेतले गुण मात्र आत्तापासून सांभाळा. खेळ कितीही चांगला असला तरी प्रवेश आणि पात्रता त्यावरच अडते. आणि तो कुठल्या जागेवर खेळतो ते इथे लिहा, म्हणजे यंदा कोणत्या संघाचे सामने त्याने बघावेत ते मी सांगतो.