तव्यावरची पहिली पोळी

"मॅडम, मनाच्या तळाशी जाऊन बघितलं आणि मी खरोखरच वाईट बाई निघाले तर?"

वेगवेगळ्या शब्दांत हा प्रश्न बरेच जण विचारतात. समुपदेशनाला येण्याआधीच घाबरतात, कारण आत काय सापडेल याचा नेम नाही. या भीतीला उत्तर द्यायचं तर मला सुनंदाताई आठवतात. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. एका तालुक्याच्या गावी शिक्षिका, वय सत्तेचाळीस, घरात एकत्र नऊ माणसं. शनिवारी सकाळची शाळा आटपून एसटीने यायच्या.

तक्रार एकच होती, धाकट्या जाऊबाई. पोळ्या चालू असताना ती येते, तव्यावरून उतरलेली पहिली पोळी उचलते, तूप लावते आणि ओट्याला टेकून खाते. बस, एवढंच. भांडण नाही, टोमणे नाहीत. "पण मॅडम, तिचा तो घास बघितला की माझ्या पोटात आग पडते. लाटणं फेकून मारावंसं वाटतं. मी अशी नाहीये हो. अख्खं गाव मला शांत म्हणून ओळखतं."

रोज रात्री झोपण्याआधी त्या वहीत स्वतःच्या चुका लिहायच्या. आज राग आला, उद्या येऊ देणार नाही. चार वर्षांच्या वह्या होत्या. राग चार वर्षांत तसूभर हलला नव्हता.

माझं कुतूहल एका पोळीवर अडलं. एका पोळीला एवढा राग? प्रमाणच बसत नव्हतं. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी अशा जागी थांबायला शिकवलंय. समोरच्याचा एखादा गुण आपल्याला वाजवीपेक्षा जास्त झोंबला, तर त्या झोंबण्यात आपलं स्वतःचं काही मिसळलेलं असू शकतं. आपण कोण आहोत हे ठरवताना जे जे 'हे मी नव्हे' म्हणून मागे ढकलतो, त्याला युंगनी छाया म्हटलं. ती मागेच राहते, आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पडलेली दिसते.

इथे मी चूक केली. दुसऱ्याच भेटीत हे सगळं त्यांना सांगून मोकळी झाले. "सुनंदाताई, ती जाऊबाई तुमच्या आतच आहे." त्यांनी पर्स उचलली आणि तीन आठवडे आल्या नाहीत. बरोबरच केलं. वर्गात फळ्यावर लिहायची गोष्ट मी जखमेवर लिहिली होती. शिवाय जाऊबाई खरोखर आपमतलबी असू शकते की! ज्याच्यावर आपण आपलं काही टांगतो, त्याच्या अंगी खुंटीही असतेच. हल्ली दीड मिनिटाच्या रील्समध्ये सगळ्या रागाचं खापर रागावणाऱ्याच्याच छायेवर फोडतात, त्याचा मला वीट आलाय तो याचसाठी.

चौथ्या आठवड्यात त्या परत आल्या. या वेळी मी गप्प बसायचं ठरवलं आणि एक जुना खेळ काढला.

युंग १९०० च्या डिसेंबरमध्ये झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथे त्यांनी शब्दांचे प्रयोग केले. शंभर शब्दांची यादी, हातात स्टॉपवॉच. एक शब्द उच्चारायचा, समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा. उत्तरापेक्षा उशीर महत्त्वाचा. कुठे माणूस अडखळतो, हसतो, तोच शब्द परत म्हणतो, तिथे खाली भावनेची गाठ असते. त्या गाठीला त्यांनी कॉम्प्लेक्स म्हटलं. 'न्यूनगंड' आपण रोज बोलतो, त्यातला 'गंड' म्हणजे हीच गाठ.

माझ्याकडे स्टॉपवॉच नव्हतं, भिंतीवरचं घड्याळ होतं आणि तीसेक शब्द. पाणी? "माठ." दार? "कडी." शाळा? "घंटा." भराभर चाललं होतं.

"आधी?"

सुनंदाताई थांबल्या. कुणीही 'नंतर' म्हणालं असतं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाल्या, "बाकीचे."

पुढचे शब्द मी विचारलेच नाहीत. थोड्या वेळाने त्याच बोलल्या. वय आठ. चार भावंडांत थोरली. वडील जेवायचे होते, पाहुणे आले होते, आणि चुलीजवळ बसलेल्या या पोरीने टोपल्यातली गरम पोळी उचलून खाल्ली. आजी सगळ्यांसमोर म्हणाली, "हावरट मेली." पाहुणे हसले. "त्यानंतर मी कधी आधी जेवले नाही. सणाला, लग्नात, बाळंतपणातसुद्धा."

एकोणचाळीस वर्षं! भूक मेली नव्हती, तिला फक्त ताट मिळत नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्यांनी स्वप्न आणलं. त्यांच्याच स्वयंपाकघरात एक अनोळखी, जाड, केस सुटलेली बाई फरशीवर फतकल मारून बसलीय आणि पातेल्यातूनच हाताने भात खातेय. "ओंगळ होती, मॅडम. दचकून उठले."

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या वाटेने गेलं असतं तर स्वप्न हा मुखवटा धरून त्यामागची दडपलेली इच्छा शोधावी लागली असती. युंग, ज्यांचं फ्रॉइडशी १९१३ मध्ये कायमचं फाटलं, स्वप्नाला मुखवटा मानत नसत. त्या चित्रापाशीच बसा, म्हणत. छाया स्वप्नात बहुतेक वेळा आपल्याच लिंगाच्या व्यक्तीचं रूप घेऊन येते, हेही त्यांचंच निरीक्षण. हे मी या वेळी सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "परत सांगा, सावकाश."

दुसऱ्यांदा सांगताना एक गोष्ट वाढली. "मी दारात उभी होते. तिने वर बघितलं आणि... हो, ती जरा सरकली. कशाला सरकली कोण जाणे."

"डोळे मिटा. अजून तिथेच आहे ती. तिला काय म्हणाल?"

स्वप्नातल्या माणसाशी जागेपणी असं बोलण्याची रीत युंगनी आधी स्वतःवरच आजमावली होती. १९१३ पासूनच्या त्या नोंदी पुढे लाल कातडी बांधणीच्या वहीत उतरल्या आणि २००९ मध्ये छापल्या गेल्या. सुनंदाताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "ताट वाढू का तुम्हाला?" आणि स्वतःच खुदकन हसल्या. मग हसू थांबलं.

"काय म्हणाली ती?"

"इथे बस म्हणाली." डोळ्यांतून पाणी येत होतं. "वाईट नाहीये हो ती. भुकेली आहे."

आपल्याकडे षड्रिपू म्हटलं की आत बघणं म्हणजे शत्रूची झडती, असाच समज होतो. सुनंदाताईंच्या चार वर्षांच्या वह्या म्हणजे तशीच झडती होती. पण हाकलून दिलेल्यांत नुसते चोर नसतात. कुणाचं गाणं असतं, कुणाचा आळस, कुणाचं 'नाही' म्हणणं. छायेत बरंच चांगलंही पडून असतं, हे युंगनी स्पष्ट लिहून ठेवलंय.

मात्र ही वाट प्रत्येकासाठी, कधीही नाही. झोप उडालीय, जेवण सुटलंय, जीव नकोसा वाटतोय, अशा वेळी स्वप्नं उकलत बसू नका. आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. सुनंदाताईंची मी पहिल्याच भेटीत ही चौकशी केली होती.

एकूण अकरा भेटी झाल्या. वह्या त्यांनी रद्दीत घातल्या नाहीत, पण लिहिणं थांबवलं. एकदा घरात म्हणाल्या, आज मला भूक लागलीय, तुम्ही नंतर बसा. नवऱ्याने बरं नाही का, असं विचारलं.

शेवटच्या भेटीत आल्या त्या हसतच. "मॅडम, परवा पहिली पोळी मी घेतली. तूप लावून. उभ्यानेच खाल्ली, बसायचा धीर झाला नाही."

"आणि जाऊबाई?"

"ती आली. बघितलं. दुसरी घेऊन गेली."