वाइन पीत नसू तर फ्रान्समधलं सेंत-एमिलियाँ बघण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की नागपूरहून आई-बाबांना घेऊन बोर्दोला जाताय, घरात कोणी दारूला शिवत नाही, तर द्राक्षांच्या या जुन्या गावासाठी एक दिवस मोडावा का. खुशाल मोडा. मी धरमपेठेतला, न पिणारा. काटोलला संत्र्याची बाग असलेल्या काकांना घेऊन गेलो होतो.

आधी पर्यटन कार्यालयातून भुयारी फेरीची तिकिटं काढा. खडकातलं चर्च गाइडशिवाय बघू देत नाहीत. बाराव्या शतकात चुनखडीचा डोंगर आतून पोखरून ते केलंय. वेरूळ पाहिलेल्याला याचं काय अप्रूप, असं मला वाटलं होतं. पण कैलास उघड्या आभाळाखाली. इथे अंधार, ओल आणि डोक्यावर अख्खं घंटाघर. त्याच्या वजनाखालच्या खांबांना आता पोलादी पट्टे आवळलेत. शेजारीच आठव्या शतकातल्या एमिलियाँ साधूची गुहा. तिथल्या दगडी आसनावर बसलं की मूल होतं म्हणे. काकूंनी लगेच विचारलं, "आणि नवस फेडायचा कुठं?"

गावाखालचा दगड काढून काढून बोर्दोतल्या इमारती बांधल्या. रिकाम्या खाणी बारमाही गार, म्हणून त्यांत वाइनची पिंपं आली. वर त्याच चुनखडीवर, चिकणमातीत मेर्लो या काळ्या द्राक्षाच्या वेली. हा दगड पावसाचं पाणी धरतो आणि वेलीला हळूहळू देतो. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देणारे काका ते ऐकून बांधावरच बसले. वाइनची चव सोडून गाइडला मुळांबद्दलच विचारत राहिले.

इतिहास थोडक्यात: 1199 मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाने इथल्या 'जुराद' या गावकारभाऱ्यांच्या मंडळाला कारभाराची सनद दिली. 1999 मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारशात घेतला. द्राक्षमळ्यांचा मुलूख सांस्कृतिक भूदृश्य म्हणून यादीत येण्याची ती पहिलीच वेळ.

इथले माकारों, म्हणजे बदामाची बिस्किटं, रंगीबेरंगी नसतात. बदाम, साखर, अंड्याचा पांढरा बलक, बस्स. 1620 पासून, मठातल्या जोगिणींची कृती. आई-बाबा अंडं खात नसतील तर आधीच सांगा. आम्ही उशिरा सांगितलं आणि काकू दिवसभर बोलल्या नाहीत.

बोर्दोहून लोकल गाडी पाऊण तासाच्या आत पोचवते. स्टेशन गावाबाहेर आहे, पण वाट मळ्यांतून जाते, चालत जा. गावातले दगडी उतार मात्र फार खडे आहेत. बाबांचे गुडघे दुखत असतील तर चपला नकोत, बूट घाला, आणि उतरताना कठडा धरा.