खेड्यातल्या छोट्या वाचनालयांचा बडोद्याशी काय संबंध?

खूप जवळचा. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सुटली की पोरांच्या हाती पुस्तकच नाही, मग शाळेत शिकलेलं विसरणार. वाचनालयांची निकड इथून आली. 1910 मध्ये महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं, ते 1913 पर्यंत होते. मध्यवर्ती ग्रंथालय महाराजांच्या खासगी संग्रहातून उभं राहिलं. आजही बडोदे शहरातल्या मांडवीजवळ ते चालू आहे, आम्हा बडोदेकरांना त्याचा फार अभिमान!

पण मला खरी मोठी गोष्ट वाटते ती खेड्यांची. गावकऱ्यांनी वर्गणी काढायची, तेवढीच भर प्रांत पंचायत (म्हणजे जिल्हा पातळीवरची स्थानिक संस्था) घालणार आणि तेवढीच सरकार. म्हणजे वाचनालय गावाचंच; फुकट मिळालेलं नव्हे. जिथे तेवढंही जमत नव्हतं तिथे फिरती ग्रंथालयं: पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी गावात यायची, वाचून झाली की परत जायची आणि तिच्या जागी दुसरी यायची. वाहतुकीचा खर्च संस्थानाचा.

संस्थानातले शिक्षक मोतीभाई अमीन यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. सरकारी योजनेच्या आधीच, 1906 च्या सुमारास, त्यांनी मित्रमंडळ वाचनालयं सुरू केली होती. हा माणूस मराठी वाचकांना फारसा माहीत नाही, याचं वाईट वाटतं. 1912 मध्ये इथून निघालेल्या ग्रंथालयविषयक त्रैमासिकात मात्र इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता.