वाचकांचे प्रश्न : आरएक्स १००, बोअर आणि बाकीची डोकेदुखी

प्रश्न : गोठ्यात बरीच वर्षं पडून असलेली १९९१ची यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल बांधायला घेतली आहे. दोनदा बोअर केलं (सिलिंडर आतून कापून मोठा केला), दोन्ही वेळा थोडं चालल्यावर पिस्टन धरला, म्हणजे आतच अडकला. गरम झाली की रेस आपोआप वाढते, प्लग पांढराफटक निघतो. कार्बोरेटर धुऊन झाला. आता मोठा मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक) टाकू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : जेटला हात लावू नका. रेस वाढते आणि प्लग पांढरा पडतो, म्हणजे इंजिन कुठून तरी जादा हवा ओढतंय. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या बंद पेटीत) येतं आणि तिथून वर जातं. त्यामुळे क्रँकची सील (दोन टोकांची रबरी कडी) कडक झाली की हवा आत शिरून मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि पातळ मिश्रणावर पिस्टन तापून धरतो. बंद पडलेल्या गाडीत ही सील वाळतातच. डावीकडचं, मॅग्नेटमागचं (वीज बनवणाऱ्या फिरत्या चाकामागचं) सील गेलं की तुमची लक्षणं दिसतात. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, दाट पांढरा धूर येतो आणि ऑइलची पातळी उतरत जाते.

खात्री करायला प्रेशर टेस्ट घ्या. सायलेन्सर काढून त्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पट्टी आवळा. कार्बोरेटर काढा, इनटेकच्या रबरात बूच ठोका, ऑइल पंपाकडून येणारी नळी दाबून ठेवा. पिस्टन खाली आणा. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून त्याच्या लोखंडी भागात नळी बसवा आणि तिला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ जोडा. ३०० मिमी म्हणजे जवळपास ६ पीएसआय, एवढा दाब पुरे. त्याहून फार वर गेलात तर चांगली सीलही सुटतील. काटा पाचेक मिनिटं हलला नाही तर इंजिन घट्ट आहे. उतरला तर मॅग्नेट काढून सीलवर, तसंच हेडच्या, ब्लॉकखालच्या आणि रीड व्हॉल्व्हच्या (इनटेकमधल्या झडपेच्या) पॅकिंगवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे दिसले नाहीत, तर गिअर ऑइलचं झाकण उघडून कान लावा : फुस्स आवाज आला की उजवं सील गेलं.

मॅग्नेट पुलरनेच (खेचून काढायच्या हत्याराने) काढा. हातोड्याने काढलं तर क्रँकची सरळ रेषा जाते, आणि ते दुखणं सीलपेक्षा फार महाग. नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू क्रँककडे, ओठाला बोटभर ग्रीस.

आता बोअर. काढलेला पिस्टन फेकून देऊ नका, तो सांगतो काय झालं ते. फक्त सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर कारण पातळ मिश्रण. चारही बाजूंना सारखे चट्टे असतील तर बोअर घट्ट आहे. लेथवाल्याला आधी नवा पिस्टन द्या आणि त्याच्या मापावर बोअर मागा, ‘५०.५० मिमीचं कर’ एवढं सांगून भागत नाही. माप पिस्टनच्या खालच्या भागावर, पिनला काटकोनात घ्यायचं. दीड ते दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मोकळीक ठेवा. होनिंगनंतर (बोअरच्या शेवटच्या बारीक घासणीनंतर) पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडा हलक्या घासून घ्या, हे काम बरेच जण विसरतात आणि रिंग कडेला अडकून तुटते. रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून टोकांतलं अंतर फीलर गेजने मोजा, सुमारे ०.२ मिमी हवं. सर्क्लिप (पिस्टनची पिन धरून ठेवणारी कडी) दरवेळी नवीच. पहिल्या पाच लिटर पेट्रोलमध्ये, ऑइल पंप चालू असला तरी, लिटरला २० मिली टू-टी (टू स्ट्रोकचं) ऑइल घाला.

प्रश्न : टाकी आतून गंजली आहे. इपॉक्सीचा लेप द्यावा का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : टाळा. आजच्या ई-२० पेट्रोलमधलं इथेनॉल हलका लेप सोलतं आणि त्याचे पापुद्रे कॉकमध्ये जातात. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) काढा, भोक बंद करा. पांढरा व्हिनेगर आणि मूठभर नट टाकून दिवसभर मुरवत ठेवा, अधूनमधून हलवा. मग सोडा घातलेल्या पाण्याने धुऊन केस वाळवायच्या यंत्राने पूर्ण कोरडी करा आणि लगेच पेट्रोल-ऑइल फिरवा; तासभर उघडी राहिली तरी तांबूस थर येतो. कॉकची आणि फ्लोटची रबरं नवी घाला. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा.

प्रश्न : माझ्या १९८७च्या गाडीला व्हिंटेज नंबर मिळेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली असावी लागतात. आरएक्स १०० बाजारातच १९८५ साली आली. नेहमीप्रमाणे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करा. फ्रेम पावडर कोटिंगला देण्यापूर्वी चेसिस नंबरवर उष्णता सोसणारी टेप लावा. थर खाचांत बसला की आरटीओत पेन्सिलचा छाप उमटत नाही आणि रंग खरवडावा लागतो.